मोठ्या सौर वीजकेंद्रांतील बिघाड व त्यांपासून संरक्षण

मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सन २०१७ मध्यें सुरू झाल्यापासून महाराष्ट्रांत सरकारी जमिनींबरोबर शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीही सौर वीजकेंद्रांसाठीं भाडेपट्ट्यानें घेतल्या जात आहेत. ज्यांच्या जमिनींत वा बांधास लागून असें केंद्र आहे, त्यांनीं तेथील विजेचा स्वभाव समजून घेणें अगत्याचें आहे. कारण तो आपल्या मोटारीच्या विजेहून अगदीं निराळा आहे.

मोटारीच्या लाइनींत दोन तारा एकमेकींस भिडल्या कीं प्रवाह कित्येक पटींनीं वाढतो, फ्यूज वितळतो व वीज तुटते. सौर पॅनेलांचें तसें नाहीं. १३ अँपिअर देणारें पॅनेल तारा भिडल्या तरी सुमारें १४ अँपिअरच देईल. माळेंतील फ्यूज २० वा २५ अँपिअरचा. तो वितळावा कसा? शेजारच्या अनेक माळांचा प्रवाह बिघडलेल्या माळेंत उलटा शिरला, तरच तो उपयोगी पडतो. शिवाय हा दिष्ट प्रवाह, म्हणजे तारवाल्यांचा ‘डी. सी.’ होय. घरची वीज सेकंदास १०० वेळां शून्यावर येते, म्हणून तारेच्या फटींत पेटलेली ज्योत विझण्यास वाव मिळतो. दिष्ट प्रवाहांत तो क्षण येतच नाहीं. आणि मोठ्या केंद्रांत दाब १,००० ते १,५०० व्होल्टांपर्यंत असतो. इन्व्हर्टर थांबविला तरी ऊन आहे तोंवर पॅनेलांत दाब राहतोच.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बेकर्सफील्ड येथें ता. ५ एप्रिल २००९ रोजीं एका मोठ्या दुकानाच्या छपरावरील ३८३ किलोवॉटच्या सौर संचास आग लागली. त्या संचाची एक बाजू फ्यूजमधून जमिनीस जोडलेली होती. त्याच बाजूची एक बारीक तार आधींच धातूच्या सांगाड्यास टेकली होती. दोहोंमधील दाबाचा फरक नाममात्र, म्हणून फ्यूज शाबूत राहिला व कोणास पत्ता लागला नाहीं. पुढें दुसऱ्या बाजूची जाड तार सांगाड्यास भिडली. आतां फ्यूज तुटला खरा, पण प्रवाहास त्या बारीक तारेची वाट मोकळीच होती. झेपणार नाहीं इतका भार तिच्यावर आला.

म्हणून खरें संरक्षण पहिला दोष पकडण्यांत आहे. आजचे इन्व्हर्टर सकाळीं काम सुरू करण्यापूर्वीं तारांच्या वेष्टणाचा रोध मोजतात व दिवसभर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांतील तफावत पाहतात. परंतु कित्येकदां इशारा नुसता पुसून यंत्र पुन्हां चालू केलें जातें. विशेषतः दंव पडलेल्या सकाळीं येणारा इशारा ऊन चढतांच नाहींसा होतो, आणि राखणदार निश्चिंत होतो! ओल वाळली म्हणून वेष्टणाची चीर बुजत नाहीं. दंवानें ती दाखविली, एवढेंच. त्याच दिवशीं जाणत्या माणसाकडून ती माळ शोधून काढली पाहिजे.

चिरा पडतात त्या बहुधा उंदरांच्या दातांनीं, गवत कापण्याच्या पात्यानें, किंवा तारा सांगाड्याच्या धारेवर वाऱ्यानें घासून. निरनिराळ्या कंपन्यांचे जोड एकमेकांत बसविल्यासही ते तापतात. प्रवाह चालू असतां जोड ओढून काढणें तर जिवावरचें काम होय. आकाशांतील विजेसाठीं सर्ज अरेस्टर असतात. ते निकामी झाल्याची खूण त्यांवर दिसते, ती मृगापूर्वीं पाहून घ्यावी.

भाडेपट्टा करतांना कुंपणाच्या आंत गवतरहित पट्टा राखणें व फाटकावर जबाबदार माणसाचा दूरध्वनी क्रमांक लावणें, या दोन अटी लिहून घ्याव्या. आग दिसल्यास आपल्या पंपाचें पाणी पॅनेलांवर मारूं नये. दूर राहून अग्निशमन दलास व केंद्राच्या माणसांस कळवावें.