प्राथमिक इयत्तांतील संमिश्र अध्ययन : यंत्राला दिलेल्या तासाचे मोल

वर्गात एखादे नवे साधन आले की त्याविषयी दोन पक्ष लगोलग उभे राहतात. एकाला त्यात शिक्षणाच्या सर्व व्याधींवरील उतारा दिसतो, तर दुसऱ्याला शिक्षकाच्या स्थानाला पोहोचणारा धोका. नभोवाणी आणि चित्रपट यांच्या वाट्याला हे आले, तसेच संगणकाच्याही आले. दोन्ही पक्षांचा प्रश्न मात्र एकच असतो : साधन गुणकारी आहे की नाही ? हा प्रश्न अपुरा आहे. शाळेचे तास मोजके असतात. त्यांतील एक यंत्राला द्यावयाचा तर तो दुसऱ्या कशातून तरी काढून घ्यावा लागतो. तेव्हा काय दिले याच्या जोडीने काय काढून घेतले, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होईल. शिक्षकाने भिंतीवर चित्रफीत दाखविली आणि सर्व वर्गाने ती पाहिली, एवढ्याने अध्ययन संमिश्र होत नाही. ज्या योजनेत विद्यार्थी अभ्यासाचा काही भाग यंत्राच्या साहाय्याने, आपल्या गतीने करतो, काही भाग शिक्षकाच्या प्रत्यक्ष सान्निध्यात करतो आणि हे दोन्ही भाग परस्परांशी जोडलेले असतात, तिलाच संमिश्र अध्ययन म्हणणे योग्य होय.

या विषयावरील दोन प्रयोग गुजरातेतच झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. पहिला वडोदरा येथील. तेथील नगरपालिका शाळांना शासनाकडून संगणक मिळाले होते; परंतु ते बहुतेक ठिकाणी मुलांच्या उपयोगात येत नव्हते. ‘प्रथम’ या संस्थेने इयत्ता चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ असलेली योजना आखली. आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले, असे तिचे स्वरूप होते; त्यांपैकी एक तास शाळेच्या वेळातील व एक वेळेबाहेरचा होता. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गणितातील प्रगती पहिल्या वर्षी ०.३५ व दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी आढळली. योजना थांबल्यानंतर वर्षभराने मात्र तिचा बराचसा भाग ओसरला होता.

दुसरा प्रयोग ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांतील दुसरी व तिसरीच्या मुलांवर झाला. ली लिंडन यांनी २००८ साली त्याचा वृत्तान्त मांडला. गणिताची तीच आज्ञावली काही ठिकाणी शाळेच्या वेळात, नेहमीच्या अध्यापनाच्या जागी वापरण्यात आली; इतर ठिकाणी ती शाळेच्या वेळेबाहेर, अध्यापनाला पूरक म्हणून वापरली गेली. पूरक योजनेत मुलांची प्रगती ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. जेथे अध्यापनाची जागा यंत्राने घेतली, तेथे मुले अन्यथा जेवढे शिकली असती त्याहून ०.५७ प्रमाण विचलनाने कमी शिकली.

वडोदऱ्यातही अर्धा वेळ शाळेच्या वेळातूनच घेतला होता. मग तेथे हानी का झाली नाही? याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, ‘ज्ञानशाला’चे वर्ग पूर्वीच काळजीपूर्वक आखलेल्या पाठांनुसार चालत असत, तेथे यंत्राने घेतलेला तास मोलाचा होता. नगरपालिकेच्या वर्गात तो तितका भरीव नसावा. म्हणजे यंत्राचा गुण हा केवळ यंत्राचा नसून त्याने ज्याची जागा घेतली त्याच्याशी तो सापेक्ष असतो. पेरू देशातील अनुभवही येथे उपयुक्त आहे. तेथे ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप देण्यात आले. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित व भाषा या विषयांत प्रगती आढळली नाही. साधन पोहोचले, अध्यापनाशी त्याचा सांधा जुळला नाही.

काढून घेतलेल्या तासाचे मोल इयत्तेनुसार बदलते. पहिली-दुसरीचे मूल वाचन शिकते ते मोठ्या माणसाशी बोलत, ऐकत आणि चुकलेला उच्चार तत्क्षणी सुधारून घेत. संख्या शिकते ती मणी व काड्या हाताळत. येथे शिक्षकाचा तास यंत्राला देणे सर्वांत महाग पडते. तिसरी ते पाचवीत सरावाचे प्रमाण वाढते. चाळीस पाट्या एका शिक्षकाने तपासाव्यात तोवर तास संपतो. उत्तर चूक की बरोबर हे तत्काळ सांगणारे यंत्र येथे खरे साहाय्य करते. सहावीपुढे अडचण निराळी असते : एकाच वर्गातील मुलांच्या पातळीत अनेक इयत्तांचे अंतर पडलेले असते. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग व अलेहांद्रो गानिमियन यांनी दिल्लीत अभ्यासिलेल्या योजनेत मुख्यतः सहावी ते नववीचे विद्यार्थी होते. शाळा सुटल्यावर ४५ मिनिटे पातळीनुसार प्रश्न देणारी आज्ञावली आणि ४५ मिनिटे लहान गटात साहाय्यक शिक्षक, अशी ती योजना होती. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन इतकी वाढ झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. ही वाढ यंत्र व शिक्षक या जोडीची आहे. तिचे श्रेय एकट्या यंत्राला देता येत नाही.

असे असूनही धोरणात इयत्तांचा हा भेद पुष्कळदा पुसला जातो. केंद्र शासनाच्या २०२० सालच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी प्रत्यक्ष ऑनलाइन अध्यापनाची मर्यादा एकच होती : दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे. साथीच्या संकटात अशी सरसकट मर्यादा समजण्याजोगी आहे. परंतु नित्याच्या वेळापत्रकाला ती आधार होऊ शकत नाही.

संशोधकाच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. संमिश्र अध्ययनाच्या प्रत्येक अभ्यासात शाळेला कोणते साधन मिळाले याबरोबरच त्यासाठी वेळापत्रकातील कोणता तास खर्ची पडला, त्या तासात पूर्वी काय होत असे आणि तो कोणत्या इयत्तेचा होता, याची नोंद झाली पाहिजे. ही नोंद नसेल तर लाभाचे आकडे पुढील शाळेला मार्ग दाखवू शकणार नाहीत. ज्या मुलाला घरी शिकविणारे कोणी नाही, त्याच्यापाशी शाळेतील तासाखेरीज दुसरे भांडवल नसते. तो तास कोणाच्या हाती द्यावयाचा, हे त्याच्या वतीने ठरविणाऱ्यांनी हिशेब पाहूनच ठरविले पाहिजे.