तबकडीची गोष्ट (भाग 7) : मेहकरची शीळ

मागच्या भागात आपण 1902 सालच्या कलकत्त्यात होतो. गौहर जान भोंग्यात तोंड घालून गात होत्या आणि गाणं संपलं की आपलं नाव इंग्रजीत ठणकावून सांगत होत्या. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीत, आणि कोणत्या तबकडीवर कोणाचं लेबल लावायचं हे तिथल्या कारागिराला कळायला हवं होतं. या आठवड्यात तेवढं लांब जायचं कारण नाही. जळगाव जामोदहून नांदुरा, खामगाव मागे टाकून घाट चढलं की पुढे मेहकर. मराठी भावगीताची पहिली तबकडी म्हणून जिचं नाव आजही घेतलं जातं, तिचे शब्द या मेहकरच्या एका वकिलाचे. आपण घाटाखालची माणसं घाटावरच्यांचं कौतुक जरा हात राखूनच करतो. पण इथे इलाज नाही.

वकिलांचं नाव ना. घ. देशपांडे. जन्म 1909 चा, सिंदखेडराजाचा. ‘शीळ’ ही कविता त्यांनी लिहिली तेव्हा ते विशी-बाविशीत होते. रानातून कोणाची तरी शीळ येते आणि ती ऐकून एक मुलगी कासावीस होते, एवढाच विषय. ही कविता गायली जी. एन. जोशी यांनी. तेही विदर्भातलेच, जवळपास ना. घं.च्याच वयाचे, आणि त्यांच्याही हातात कायद्याची पदवी. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्राछाप कंपनीने, म्हणजे एचएमव्हीने, हे गाणं बाजारात आणलं आणि ते महाराष्ट्रभर गेलं.

पण कविता चालीवर म्हणणं काही नवं नव्हतं. पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी 1923 पासून हेच करत होते, आणि हॉल भरत होते. मग ‘शीळ’मध्ये वेगळं काय घडलं? याचं उत्तर कवितेत जितकं आहे तितकंच यंत्रात आहे.

भोंग्याच्या काळात गाण्याची ताकद सरळ सुईवर पडायची. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची, सुई मेणात रेघ कोरायची. मध्ये वीज नाही, काही नाही. त्यामुळे आवाज फेकणारे गायक या यंत्राला मानवायचे. नाटकातली माणसं तर मुळातच शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकलेली. मराठी तबकड्यांवर नाट्यपदांचं राज्य होतं त्यामागे लोकांची आवड होतीच, पण भोंग्याचीही एक आवड होती. 1925 च्या सुमारास अमेरिकेत मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि काही वर्षांत ते आपल्याकडेही आलं. आता हळू म्हटलेला शब्द, सोडलेला श्वासही तबकडीवर उतरू लागला. शीळ ऐकून मनातल्या मनात बोलणारी मुलगी भोंग्यापुढे उभी केली असती, तर तिला ओरडूनच बोलावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. खयाल गाणाऱ्यांचा यात जीव गुदमरायचा. अर्ध्या तासाचा राग तीन मिनिटांत म्हणजे रागाचा नुसता पत्ता. भावकवितेला मात्र हे माप अंगचंच. मुखडा, दोन-तीन कडवी, मध्ये थोडी वाद्यं, की बाजू भरली. लांब कवितेची कडवी मात्र गाळावी लागत. आजही आपण ‘गाणं’ म्हणतो तेव्हा मनात तीन-चार मिनिटांचाच आकार असतो. तबकडी जाऊन किती दिवस झाले, तिचं माप मागे राहिलं आहे.

आणि तिसरी गोष्ट, आपल्यासारख्या गावांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: तबकडी वाजवणारं यंत्र चालायला वीज लागत नसे. चावी भरायची, तबकडी ठेवायची, सुई टेकवायची. सातपुड्याच्या पायथ्याशी तारा पोचायला अवकाश होता, पण चावीचा फोनो बैलगाडीतून कुठेही जात होता. ज्या घरी फोनो त्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी आळी. तबकडी लाखेची. ही लाख आपल्याच देशातल्या जंगलांतल्या किड्यांची. जगाला लागणारी बहुतेक लाख इथूनच जायची. तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असे. त्यामुळे सुई घासून खाचेच्या मापाची होई, पण लवकर झिजेही. म्हणून कंपनीचा आग्रह: दर बाजूला नवी सुई. कुत्र्याचं चित्र असलेल्या छोट्या डबीत या सुया मिळत. घरोघरी हा आग्रह किती पाळला गेला असेल, ते जुन्या तबकड्यांची खरखर ऐकली की कळतं.

आता तारखा जरा शेजारी शेजारी ठेवू. ना. घं.चा पहिला कवितासंग्रह ‘शीळ’ याच नावाने निघाला, तो 1954 मध्ये. म्हणजे तबकडीनंतर तब्बल दोन दशकांनी. कविता आधी पुस्तकात येते, मग कोणी तरी तिला चाल लावतो, हा नेहमीचा क्रम. इथे महाराष्ट्राला कविता आधी पाठ झाली आणि पुस्तक मागून आलं. त्यानंतर 1963 मध्ये ‘अभिसार’, मग ‘खूणगाठी’, आणि त्याला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार. तबकडीने एवढं नाव केल्यावर दुसरा कोणी मुंबई गाठून सिनेमाची गाणी लिहायला बसला असता. ना. घ. मेहकरातच राहिले, वकिली करत. 2000 साली गेले.

जोशींचा रस्ता मात्र मुंबईला गेला. गायक म्हणून त्यांच्या पुष्कळ तबकड्या निघाल्या. त्यांत काही द्वंद्वगीतं गंगूबाई हनगळांबरोबरची. तेव्हा लेबलावर गंगूबाईंचं नाव ‘गांधारी’ असं छापलं जाई. 1938 मध्ये ते एचएमव्हीतच नोकरीला लागले आणि काचेच्या अलीकडून पलीकडे गेले. मोठ्या गवयांना स्टुडिओपर्यंत आणायचं, रुसवे काढायचे, कुठे थांबायचं ते हाताने खुणावायचं, हे काम त्यांनी पुढची तीनेक दशकं केलं. त्यांच्या मराठी आठवणींचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक वाचलं की त्या काचेमागची मेहनत कळते. मला विचाराल तर जोशींच्या गळ्यापेक्षा त्यांचा कान मोठा.

तोपर्यंत तीन मिनिटांची कैदही सुटली होती. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं बसू लागली. 1967 मध्ये जोशींच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली: शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. विषय काय, तर काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस. तिघेही वादक तेव्हा तरुण होते. ही तबकडी परदेशातही खूप खपली, आणि संतूर हे नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांच्या घरी पोचलं. रानातल्या शिळेवर नाव मिळवलेल्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा रानातलाच माणूस निवडावा, याची मला गंमत वाटते. या खेपेला शब्द मात्र एकही नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याचे गजानन वाटवे. त्यांनी गायलेल्या एका गाजलेल्या कवितेचे कवी ‘अनिल’, म्हणजे पुन्हा आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचे. तेव्हा हा विषय इतक्यात वऱ्हाडाबाहेर जायची चिन्हं नाहीत.