विश्लेषण : कम्पायलर बदलला, जुन्या फोनचे काय?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून 'आधार'ची सुरुवात झाली. गावकऱ्यांच्या हाती आला तो बारा आकडी क्रमांक; त्यांची नोंद मात्र दूरच्या सर्व्हरवर राहिली. हातात खूण, वस्तू दुसरीकडे. संगणकाच्या भाषेत अशा खुणेला 'रेफरन्स' म्हणतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबअसेंब्लीत ही सोय 'रेफरन्स टाइप्स' या नावाने आली. कम्पायलर ती आपोआप वापरू लागले, तेव्हा जुने फोन अडचणीत आले.

आधी काय कमी होते?

सी, सी++, रस्ट या भाषांतील प्रोग्राम ब्राउझरमध्ये वेगाने चालावेत म्हणून वेबअसेंब्ली तयार झाली. २०१७ मध्ये ती चारही प्रमुख ब्राउझरमध्ये आली, डिसेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत मानक झाली. पण तिच्या पहिल्या आवृत्तीला फक्त आकडे कळत. पानावरचे बटण किंवा चित्र प्रोग्रामला हवे असेल, तर जावास्क्रिप्ट ते एका यादीत ठेवून यादीतला क्रमांक देई. क्रमांक चुकला की भलतीच वस्तू हाती येणार. नोंद काढायची राहिली की मेमरी अडकून पडणार.

रेफरन्स टाइप्सने 'एक्स्टर्नरेफ' हा प्रकार दिला. आधारशी तुलना इथे थांबते. आधार क्रमांक कागदावर उतरवता येतो, त्यातला आकडा बदलता येतो. एक्स्टर्नरेफ मुळात आकडाच नसल्याने बनावट करता येत नाही. प्रोग्राम तो घेऊ शकतो, पुढे देऊ शकतो किंवा 'टेबल'मध्ये ठेवू शकतो. टेबल म्हणजे रेफरन्स ठेवण्याचे कपाट, नेहमीच्या मेमरीपासून वेगळे. पूर्वी एकच टेबल मिळे आणि त्यात फक्त फंक्शन ठेवता येत. आता कितीतरी टेबले करता येतात.

कम्पायलरची अडचण

सी भाषेत व्हेरिएबलला मेमरीत पत्ता असतो. एक्स्टर्नरेफला तो देताच येत नाही. म्हणून क्लँग कम्पायलरने तडजोड केली : हा प्रकार वापरा, पण त्याचा पॉइंटर घेऊ नका, स्ट्रक्टमध्ये ठेवू नका, टेबल हवे तर शून्य लांबीचा स्टॅटिक अ‍ॅरे लिहा. शून्य लांबीचा अ‍ॅरे पुढे वाढतो, हे सी शिकलेल्याला चमत्कारिकच वाटेल. रस्टच्या तर भाषेतच एक्स्टर्नरेफ नाही. कम्पायलरचे काम झाल्यावर वास्म-बाइंडजेन हे साधन तयार फाइलमध्ये फेरफार करून ती उणीव भरून काढते. पाठबळ आहे, पण अर्धेमुर्धे.

मग फोन का अडतो?

२०२४ मध्ये एलएलव्हीएम १९ ने रेफरन्स टाइप्स मुळातच चालू ठेवले. त्यावर उभ्या असलेल्या रस्टच्या १.८२ आवृत्तीतही ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच झाले. गंमत अशी, की प्रोग्राममध्ये एकही एक्स्टर्नरेफ नसला तरी फाइल बदलते. टेबलमधून फंक्शन बोलावण्याच्या सूचनेत पूर्वी शेवटी शून्याचा एक बाइट असे. आता तिथे टेबलचा क्रमांक येतो आणि लिंकरला तो नंतर भरता यावा म्हणून पाच बाइटची ऐसपैस जागा घेतो. किंमत शून्यच राहते. पण जुन्या ब्राउझरला अपेक्षित बाइट दिसत नाही आणि तो अख्खी फाइल नाकारतो.

फायरफॉक्सने ही सोय २०२० मध्ये ७९व्या आवृत्तीत दिली, सफारीने २०२१ मध्ये १५व्या, तर क्रोमने त्याच वर्षी ९६व्या आवृत्तीत. आणि अँड्रॉइड ५ च्या फोनवर क्रोमची शेवटची आवृत्ती कोणती? ९५. अवघ्या एका आकड्याने हुकले. धडगाव वा अक्कलकुव्यात कुणाच्या हाती असा फोन असेल आणि एखाद्या सेवेने आपले पान नव्या कम्पायलरने बांधले असेल, तर पानाचा तो भाग सुरूच होणार नाही. कारणही बहुधा पडद्यावर दिसणार नाही. लोक नेटवर्कला दोष देत बसतील.

उपाय पान बांधणाऱ्याच्या हाती आहे. 'एमव्हीपी' हे मूळ लक्ष्य निवडले की कम्पायलर जुन्या पद्धतीने फाइल बनवतो. सोबतच्या लायब्रऱ्याही तशाच बांधलेल्या हव्यात, आणि रस्टमध्ये घोडे इथेच अडते : तयार मिळणारी स्टँडर्ड लायब्ररी नव्या पद्धतीची असते, ती पुन्हा बांधायला कम्पायलरची प्रायोगिक 'नाइटली' आवृत्ती लागते. एवढा खटाटोप नको असेल, तर निदान ब्राउझरची क्षमता आधी तपासून जुन्या फोनला साधे, जावास्क्रिप्टवर चालणारे पान देता येते.