वॉर्सा : मोजून, रेखून पुन्हा उभारलेले जुने गाव

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, ‘जुने गाव’ म्हणून जो भाग दाखवला जातो, तिथली बहुतेक घरे गिरगावातल्या चाळींपेक्षा वयाने लहान आहेत. रंगीत दर्शनी भिंती, उतरती कौलारू छपरे, दारांवरची नक्षी पाहून ती सतराव्या-अठराव्या शतकातली वाटतात. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच ती पायापासून बांधली गेली आणि २२ जुलै १९५३ रोजी इथला मुख्य चौक लोकांसाठी खुला झाला. तरीही १९८० मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा यादीत घेतले. ग्रुप टूरमध्ये हे सगळे गाइड दोन वाक्यांत सांगतो आणि मंडळी फोटोकडे वळतात. त्या दोन वाक्यांमागे काय घडले, ते ठाऊक असेल तर हाच फेरफटका फार वेगळा होतो.

स्तंभापासून सुरुवात

बहुतेक ग्रुप राजवाड्यासमोरच्या चौकात, झिग्मुंट राजाच्या स्तंभापाशी जमतात. तिसऱ्या झिग्मुंटने सोळाव्या शतकाच्या अखेरीस दरबार क्राकोहून इथे हलवला आणि वॉर्साला राजधानीचे महत्त्व आले. त्याच्या मुलाने १६४४ मध्ये हा स्तंभ उभारला. सप्टेंबर १९४४ मध्ये तो कोसळला, आणि आज दिसणारा खांब १९४९ चा आहे. जुन्या खांबाचे तुटके तुकडे राजवाड्याच्या भिंतीजवळ आडवे ठेवले आहेत. फोटो काढून झाला की चार पावले चालून ते जरूर पाहावेत. या गावाची सगळी गोष्ट त्या दोन दगडांमधल्या अंतरात आहे.

वॉर्सावर पहिले बॉम्ब सप्टेंबर १९३९ मध्येच पडले. पण खरा विध्वंस पाच वर्षांनी झाला. १ ऑगस्ट १९४४ रोजी शहराने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला, आणि त्यात दीड लाखाहून अधिक नागरिक मारले गेले. शरणागतीनंतर उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकलण्यात आले आणि जर्मन पथकांनी रिकामी घरे रस्त्यामागून रस्ता अशी जाळली, सुरुंगाने उडवली. लढाई संपल्यावर शांतपणे, यादी करून केलेला हा नाश होता. जानेवारी १९४५ मध्ये लोक परतले, तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग जमीनदोस्त झालेला होता.

राजवाडाही सुरुंग लावून उडवला गेला होता. त्याआधी पोलिश संग्रहालयांतल्या लोकांनी जिवावर उदार होऊन तिथली चित्रे आणि कोरीव कामाचे तुकडे बाहेर काढून लपवले होते. राजवाडा पुन्हा बांधायचा निर्णय व्हायला १९७१ साल उजाडले. पैसा लोकवर्गणीतून आला, आणि १९८४ मध्ये तो पाहुण्यांसाठी खुला झाला. मनोऱ्यावरचे घड्याळ १९७४ मध्ये सव्वाअकराच्या ठोक्याला सुरू करण्यात आले. १७ सप्टेंबर १९३९ रोजी राजवाडा पेटला, तेव्हा ते याच वेळेला थांबले होते.

चित्रे, नकाशे आणि टेप

राजवाड्यातले एक दालन चुकवू नये. तिथे बेर्नार्दो बेलोत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराने काढलेली वॉर्साची दृश्ये आहेत. अठराव्या शतकात तो पोलंडच्या राजाचा दरबारी चित्रकार होता. रस्ते, खिडक्या, छपरे त्याने इतक्या बारकाईने रंगवली होती, की दोनशे वर्षांनी वास्तुविशारदांनी काही इमारती बांधताना त्याच्या चित्रांचा आधार घेतला.

पण एवढे गाव केवळ चित्रांवरून उभे राहत नाही. युद्धाआधी वॉर्साच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातले वास्तुकलेचे शिक्षक आणि विद्यार्थी घरोघर जाऊन टेप लावून मोजमाप करत आणि रेखाटने काढत. जर्मन ताब्यातही हे काम चोरून चालू राहिले. उठावानंतर ही कागदपत्रे शहराबाहेर नेऊन प्योत्रकूफ गावातल्या एका मठात लपवली गेली. १९४५ च्या फेब्रुवारीत राजधानी पुनर्बांधणी कार्यालय स्थापन झाले आणि त्याच्या वारसा विभागाचे प्रमुख यान झाख्वातोविच यांच्या हाती हा ठेवा आला. या कार्यालयाचे दप्तर २०११ पासून युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत आहे.

माझ्या मते या गावाचे प्राचीनत्व इथेच आहे. विटा नव्या असतील, पण त्या कुठे बसवायच्या ते सांगणारी माहिती जुनी, तपासलेली आणि जीव धोक्यात घालून जपलेली होती.

काय बदलले, तेही पाहावे

राजवाड्यापासून चौकाकडे जाताना उजव्या हाताला सेंट जॉन कॅथेड्रल लागते. युद्धापूर्वी तिचा दर्शनी भाग वेगळा होता. झाख्वातोविच यांनी तो मध्ययुगीन विटकामाच्या शैलीत नव्याने रचला. चौकातल्या घरांच्या दर्शनी भिंती जुन्या वळणाच्या आहेत, आत मात्र १९५० च्या दशकातले फ्लॅट आहेत. पूर्वी मागच्या बाजूला खोल्यांची दाटी होती. ती पुन्हा न बांधता उजेडासाठी मोकळी अंगणे सोडली. म्हणून एखाद्या बोळातून आत डोकावावे. शहर कसे असावे, याचा विचार करणारी माणसे तिथे दिसतात.

चौकाच्या उत्तर बाजूची घरे आज वॉर्सा संग्रहालयाची आहेत. पुढे तटबंदीचा बार्बिकन लागतो. तो १९५० च्या दशकात पुन्हा बांधताना इतर शहरांतल्या पडक्या इमारतींच्या विटाही वापरल्या गेल्या. साऱ्या देशाने आपली राजधानी बांधायची, अशी तेव्हाची घोषणा होती.

कोल्हापूरचे नाव

बार्बिकनपाशी ग्रुपला बहुधा मोकळा वेळ मिळतो. पाय दुखत नसतील तर द्वुगा रस्त्याने क्रासिन्स्की चौकाकडे जावे. तिथे उठावाचे स्मारक आहे. याच भागातून सप्टेंबर १९४४ च्या सुरुवातीला हजारो लढवय्ये भुयारी गटारांत उतरून शहराच्या मध्यभागी निसटले होते.

थोडे पुढे मोंते कॅसिनोच्या लढाईचे स्मारक आहे, आणि त्याच्याजवळ आपल्या कोल्हापूरची आठवण कोरलेली आहे. सोव्हिएत सत्तेने सायबेरियात हद्दपार केलेले पोलिश लोक १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष सैन्यात गेले आणि त्यांपैकी अनेक इटलीत मोंते कॅसिनोला लढले. स्त्रिया आणि मुलांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. मराठी माणसाने वॉर्सात पंधरा मिनिटे काढून इथे यावे, असे मला मनापासून वाटते.

जे परत बांधले नाही

इथूनच मुरानूफ सुरू होते. युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकसंख्येत साधारण एक तृतीयांश ज्यू होते, आणि हा त्यांच्या वस्तीचा भाग. नाझींनी इथे घेट्टो केला, माणसे मृत्युछावण्यांत धाडली आणि घेट्टोतल्या १९४३ च्या उठावानंतर सारी वस्ती भुईसपाट केली. हे रस्ते कोणी पूर्ववत उभारले नाहीत. राडारोड्यावरच नवी वसाहत बांधली गेली, म्हणून इथल्या काही इमारती रस्त्यापेक्षा उंचावर दिसतात. माणसेच उरली नव्हती, तेव्हा त्यांच्या घरांसाठी आग्रह धरणारेही फार थोडे उरले होते.

म्हणून वॉर्साला जाणाऱ्यांनी टूर लीडरकडे एकच मागणी करावी : जुन्या गावाला अर्धा दिवस पायी द्या आणि त्यात मुरानूफही धरा. एका जागी चिकाटीने परत आणलेले गाव आहे, तर चालत जाण्याच्या अंतरावर न परतलेले. कोणते शहर पुन्हा उभे राहते, हे विटांच्या आधी माणसे ठरवतात, आणि ते समजायला ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावी लागतात.