लोवेल : गिरण्या गेल्या, गाव राहिलं

मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीकाठी वसलेल्या लोवेल शहराची लोकसंख्या १९२० मध्ये १ लाख १२ हजारांच्या वर होती. २०२० च्या जनगणनेत ती १ लाख १५ हजारांवर भरली. मधल्या शंभर वर्षांत ज्या कापडगिरण्यांसाठी हे शहर वसवलं, त्या सगळ्या बंद पडल्या. १९८० मध्ये वस्ती ९२ हजारांपर्यंत उतरली होती. उद्योग मेला की गाव मरतं, हा आपला सर्वसाधारण समज. लोवेल त्याला अपवाद ठरलं, कारण शहर उभारणारं भांडवल आणि शहर चालवणारी माणसं यांची नाळ इथे कधी जुळलीच नव्हती.

ज्याचं नाव शहराला मिळालं तो फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१७ मध्येच वारला. शहराची पायाभरणी १८२२ ची. इंग्लंडमधले यंत्रमाग डोळ्यांत साठवून त्याने ते अमेरिकेत नव्याने घडवून घेतले होते. पॉटकेट धबधब्याच्या ३२ फुटांच्या उतारावर त्याच्या बोस्टनच्या भागीदारांनी गिरण्या उभारल्या. कालवे आयरिश मजुरांनी खणले आणि साच्यांवर आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली आल्या. कंपनीच्या वसतिगृहांत राहणाऱ्या या मुलींनी स्वतःचं मासिक चालवलं, तसेच १८३४ आणि १८३६ मध्ये संपही केले. पहिला मजुरी कापली म्हणून, दुसरा वसतिगृहाचा खर्च वाढवला म्हणून. मालक मात्र बोस्टनला राहत होते. कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला, आणि त्यातून विणलेलं जाडंभरडं कापड पुन्हा गुलामांच्याच अंगावर जाई. यादवी युद्धात कापसाचे भाव कडाडले, तेव्हा अनेक कंपन्यांनी साठा विकून नफा घेतला, साचे थांबवले आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. पुढे स्वस्त मजुरी दिसताच कापडधंदा दक्षिणेकडे सरकला, तोही याच हिशेबाने.

यावर रास्त आक्षेप असा, की भांडवल आलं नसतं तर शहरच नसतं. ते खरंच आहे. पण त्या पैशातून जे घडलं त्याचा हिशेब ताळेबंदापुरता नव्हता. कंपनीचे अभियंता जेम्स फ्रान्सिस यांनी कालव्यावर पुराला अडवणारा अजस्र लाकडी दरवाजा १८५० मध्ये बांधला, तेव्हा लोकांनी त्याला वेडेपणा म्हटलं. १८५२ च्या पुरात त्याने शहर वाचवलं. १९३६ च्या महापुरात पुन्हा वाचवलं, आणि तोवर अनेक गिरण्यांना टाळं लागलेलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : १९७८ मध्ये गिरण्या आणि कालवे राष्ट्रीय उद्यान म्हणून जपले गेले, पण संग्रहालयाने पोट भरतं का? बूट गिरणीच्या संग्रहालयात आजही साचे खडखडतात. त्यावर शहर जगत नाही हे उघड आहे. पण ‘खऱ्या’ उद्योगाचा अनुभव तरी काय? संगणक बनवणाऱ्या वँग कंपनीने इथे सुमारे ६ कोटी डॉलरचे मनोरे उभारले. १९९२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि १९९४ च्या लिलावात ते मनोरे सव्वापाच लाखांत गेले. त्याच काळात ख्मेर रूजच्या छळातून सुटलेली कंबोडियन कुटुंबं इथे स्थिरावत होती. आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, ग्रीक यांच्या मागोमाग ती आली. फरक एवढाच की त्यांना बोलावणारी गिरणी उरली नव्हती. कुणी दुकान टाकलं, कुणी नोकरी धरली, आणि पडत्या वस्तीत पुन्हा बिऱ्हाडं भरली. निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले सोखारी चाऊ २०२२ मध्ये लोवेलचे महापौर झाले. शहर ज्याच्या नावाचं, त्या लोवेलने ते पाहिलंही नव्हतं. ज्यांना दुसरं घर उरलं नव्हतं, त्यांनी ते चालतं ठेवलं.