परताव्यातून वळती होणारी थकबाकी

परंडा तालुक्यातील सोनारीचा रहिवासी नोकरीसाठी बंगळूरला गेला, तरी त्याचा आयकर केंद्राकडेच जमा होतो. त्यामुळे जादा भरलेल्या कराचा परतावा, म्हणजे रिफंड, देताना त्यातून आयकराची जुनी थकबाकी वळती करण्याची मुभा 1961च्या आयकर कायद्यातील कलम 245ने दिली आणि त्यापूर्वी करदात्याला लेखी सूचना देणे बंधनकारक केले. ही अट मोलाची, कारण थकबाकी पुष्कळदा वादग्रस्तच असते. राज्यांचा व्यवसाय कर मात्र या कलमात बसत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्ये स्वतंत्र आयकर आकारत असल्याने तेथील मराठी कुटुंबाचा केंद्रीय परतावा राज्याच्या थकबाकीपोटी अडू शकतो, आणि न्यू यॉर्क तर दुसऱ्या राज्याच्या येण्यासाठीही आपला परतावा रोखू शकते.