पालखी नावाचे गलबत

मुरूडच्या वाळूत उभे राहिले, की समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. दक्षिणेला, राजपुरीजवळ, सिद्दीचा जंजिरा. गेल्या मे महिन्यात हे दोन किल्ले पाहताना मला धाकट्या भावाची आठवण झाली. का, ते शेवटी सांगतो.

शिवाजीमहाराजांपुढचा पेच आपल्या घरातल्या महिनाअखेरीसारखाच होता. पांघरूण अपुरे आणि पाय पुष्कळ! मोगल, आदिलशाही, सिद्दी, इंग्रज; सगळीकडे पैसा हवा आणि यशाची खात्री कुठेच नाही. महाराजांनी जंजिऱ्यावर मोहिमा केल्या, पण सारी पुंजी त्या एकाच डावावर लावली नाही. १६६४ साली मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला, कासा खडकावर पद्मदुर्ग उभारला, १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बांधायला घेतली. इंग्रजांनी जहाजे आडवी घातली तरी खांदेरी उभी राहिली. पण सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. १६८२ साली संभाजीमहाराजांनी जंजिऱ्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला, तोच मोगल फौज कोकणात उतरली आणि काम अर्धवट राहिले. जंजिरा १९४८ सालापर्यंत सिद्दीकडेच होता.

मग जमाखर्च कसा मांडायचा? पद्मदुर्गाची रसद वेळेवर न पोचवणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदाराला महाराजांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. उलट लाय पाटील कोळ्याची गोष्ट. त्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मागची फौज आलीच नाही. मोहीम फसली. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर राहणाऱ्याला पालखी कशाला, असे तो म्हणाला, तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबत बांधून दिले, असे सांगतात. फसलेल्याला मान आणि हात आखडणाऱ्याला बोल!

माझ्या भावाने खाडीकाठी कोलंबीचे तळे केले, तेव्हा कबूल केलेल्यातले निम्मेच पैसे मी दिले. उरलेले, “आधी चालते कसे ते पाहू,” म्हणून बँकेत ठेवले. दुसऱ्या पंपाला पैसे पुरले नाहीत. उन्हाळ्यात कोलंबी मेली. पुढे सात वर्षे मी नातेवाइकांत त्याला व्यवहारशून्य म्हणत राहिलो. पद्मदुर्गाकडे पाहताना उमगले, की या गोष्टीतला सुभेदार मीच.

या पाडव्याला त्याला सहकुटुंब जेवायला बोलावले आहे. गलबत द्यायची माझी ऐपत नाही. पण चूक कुणाची होती, हे सर्वांदेखत सांगायचे ठरवले आहे.